नापासकाकांची हिरवळ

आमच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांसमोर एक मोठी गोल हिरवळ आहे. तिच्यावर पाय टाकला की माणूस नापास होतो, असं सगळं विद्यापीठ मानायचं. सगळं म्हणजे अगदी सगळं. पहिल्या वर्षाची पोरं मानायची, पीएचडी करता करता केस पांढरे झालेले मानायचे, आणि ज्यांना जन्मात पुन्हा कुठली परीक्षा द्यायची नाही ते प्राध्यापकसुद्धा फाइल काखेत मारून कडेकडेनं वळसा घालून यायचे. विचारलं तर म्हणायचे, "तेवढंच चालणं होतं." हो तर! लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यावर चढताना धापा टाकणारी माणसं ही.

मी ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर बसते. माझ्या पाठीमागे पोरं मला शूबाई म्हणतात, कारण दिवसभर मी त्यांना 'शू' करत असते. म्हणू देत. काउंटरसमोर मोठी खिडकी आहे आणि खिडकीतून ती हिरवळ दिसते. त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं माझा एक डोळा पुस्तकावर आणि एक बाहेर. मला गवताचं काही सोयरसुतक नाही. पण जे दिसलं ते दिसलं, आणि ज्या माणसाची ही गोष्ट आहे तो माझा शेजारी, म्हणून सांगते.

भाऊ विद्यापीठात माळी. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि विद्यार्थी त्यांना नापासकाका म्हणतात, तोंडावर. माळी इथे पुष्कळ आहेत, वसतिगृहांकडचे, मैदानाकडचे, कुलगुरूंच्या बंगल्याचे. पण गोल हिरवळ भाऊंची. ते नोकरीला लागले तेव्हा तिथं खडी आणि विटांचे तुकडे पडलेले होते, ग्रंथालय बांधून उरलेले. ते त्यांनी उपसून काढले, माती पसरली, गवताचे ठोंब एकेक करून हातानं लावले. यंत्रानं कापायचं तर एक पट्टा जाताना आणि शेजारचा येताना, म्हणून गवतावर फिकट-गडद पट्टे दिसायचे. कडेला मात्र यंत्र नाही. गुडघ्याखाली पोतं घेऊन कात्रीनं. तण उपटायला खिशात कायम एक जुना स्क्रूड्रायव्हर. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, त्या गवताचा सवतीसारखा राग. "माझ्या पायात काटा गेला तर चष्मा सापडत नाही यांना," त्या म्हणायच्या, "आणि गवतातलं तण बिनचष्म्याचं दिसतं."

आता ही हिरवळ आहे अशा ठिकाणी की वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती तिच्या पोटातून जाते. आणि विद्यार्थी नेहमी सरळ रेघेतच चालतो, कारण त्याला नेहमी उशीर झालेला असतो. भाऊंनी पाटी लावली, तर पोरं पाटीवर ओले टॉवेल वाळत घालायला लागली. दोरी बांधली, तर दोरीवरून उड्या मारायची शर्यत लागली. ओरडून घसा बसला. वर्षअखेरीला हिरवळीच्या मधोमध मातीची पायवाट पडायची आणि सुट्टीत भाऊ ती पुन्हा लावून काढायचे.

मग एक दिवस एक केस वाढवलेला गिटारवाला मुलगा नेहमीसारखा मधून निघाला. भाऊ कडेला कात्री चालवत होते. ओरडायचं त्राण राहिलं नव्हतं बहुतेक. त्यांनी शांतपणे मान वर केली आणि म्हणाले, "जा बाबा, जा. गेल्या वर्षी इथून जाणारे सगळे नापास झाले. तू कशाला मागे राहतोस?"

मुलगा हसला आणि गेला. आणि नापास झाला! होणारच होता. त्याचं आणि पुस्तकाचं वाकडं होतं, माझ्या काउंटरकडे तो कधी फिरकलासुद्धा नव्हता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच. पण नापास झालेल्याला कारण लागतं, आणि अभ्यास केला नाही यापेक्षा हे कारण त्याला बरं वाटलं. त्यानं ते वसतिगृहभर सांगितलं.

पुढच्या वर्षापासून पायवाट पडायची बंद झाली. जुनी मुलं नव्या मुलांना विद्यापीठ दाखवायला आणायची, तेव्हा खिडकीतून मला ऐकू यायचं. हा घड्याळाचा टॉवर, चारी बाजूंना वेगवेगळी वेळ दाखवतो, जी सोयीची ती धरायची. हा संस्थापकांचा पुतळा, पेपरला जाताना याचं नाक चोळायचं. हा तरणतलाव, याच्यात पाणी कधी बघायला मिळणार नाही. हे उपाहारगृह, इथल्या कॉफीनं झोप उडत नाही, भूक उडते. आणि ही हिरवळ. इथं सगळ्यांचा आवाज खाली यायचा. "हिच्यावर पाय टाकायचा नाही." नवी पोरं मागे सरकायची. एक वर्ष तर विद्यापीठानं छापलेल्या माहितीपुस्तकात 'आपल्या परंपरा' म्हणून हिरवळीचा फोटो आला, भाऊ कोपऱ्यात पाठमोरे.

भाऊंचा आनंद काय विचारता! "ताई, कुंपण मागितलं असतं तर माझ्या निवृत्तीपर्यंत फाइल फिरली असती," ते म्हणायचे. "एका थापेत काम झालं."

थाप त्यांची, हे त्यांना माहीत, मला माहीत, वहिनींना माहीत. आणि त्यांच्या मुलीलाही माहीत. तिला घरात भिंगरी म्हणतात, एका जागी म्हणून ठरत नाही. लहानपणापासून या आवारातच वाढली, आणि मार्क मिळवून इथंच शिकायला लागली. तिची पहिल्या वर्षाची परीक्षा सुरू झाली तेव्हा मला खिडकीतून एक नवल दिसलं. हिरवळीवरचं गवत घोट्यापर्यंत वाढलेलं. पट्टे गायब. भाऊ आपले बाहेरच्या बाजूनं फिरताहेत.

"भाऊ, आजारी आहात की काय?" मी विचारलं.

"यंत्र बिघडलंय."

संध्याकाळी वहिनी दारात भेटल्या. "यंत्राला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "पोरीची परीक्षा आहे ना. स्वतः पाय टाकत नाहीत तिथं. बापानं टाकला तर पोरीला लागेल म्हणे!"

मी इतकी हसले की मला बसावं लागलं. भाऊ आत भाजी निवडत बसले होते, त्यांना ऐकू गेलं. "हसा," ते म्हणाले. "थाप माझीच आहे. पण एवढी शिकलेली माणसं मानतात ताई, उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या?"

भिंगरी पास झाली आणि यंत्र दुरुस्त झालं. ही गोष्ट इथंच संपायची, पण पुढच्या वर्षी इमारत विभागाच्या साहेबांना गाड्या लावायला जागा कमी पडली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे गाड्या जास्त आणि जागा कमी, एवढंच. त्यानं पद्धतशीर काम केलं. हातात मोजायची यंत्रं देऊन माणसं बसवली आणि आवारातल्या प्रत्येक मोकळ्या जागेत किती विद्यार्थी येतात-बसतात ते मोजलं. पायऱ्यांवर गर्दी, झाडांखाली गर्दी, पुतळ्याच्या चौथऱ्यावर गर्दी, कोरड्या तरणतलावात गर्दी. गोल हिरवळीवर कोणी नाही. एक मांजर गेलं होतं, ते धरलं नाही. मग ठरलं की ही जागा विनावापर पडून आहे, तिथं फरशा बसवून गाड्या लावाव्यात.

भाऊंना हे कळलं त्या दिवशी ते माझ्या काउंटरसमोर येऊन नुसते उभे राहिले. शेवटी मीच त्यांना घेऊन साहेबांकडे गेले, कारण टेबलापलीकडे खुर्ची दिसली की भाऊंची वाचा बसते.

"काका, गवताशी माझं वैर नाही," साहेब म्हणाले. "पण मला सांगा, तिथं बसतं कोण?"

"कोणी बसू नये म्हणून तर मी..." भाऊ एवढंच बोलले.

साहेब हसले. तेही याच विद्यापीठात शिकलेले, तेही वळसा घालूनच आलेले. "असं करू," ते म्हणाले. "पुढचं सत्र सुरू होतं त्याच आठवड्यात निकाल लागतात. तेव्हा मी पुन्हा एकदा मोजणी करतो. माणसं दिसली तर हिरवळ राहील. नाही दिसली तर मात्र माझा इलाज नाही."

बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसले. "ताई, मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला की हो," ते म्हणाले. खोटं कशाला बोलू, मी होच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आयुष्यभर पोरांना हाकलणारा हा माणूस पोरांना बोलवायला लागला. "या रे, बसा. गार आहे. डबे इथं खा." पोरं लांबूनच हात जोडायची. "काका, परीक्षा जवळ आलीय, कशाला जिवावर उठलाय?" भाऊंनी शपथा घेतल्या. सगळं खोटं आहे, मीच उठवलेली थाप आहे, असं पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं. त्यावर एका चष्मेवाल्या मुलीनं विचारलं, "थाप आहे तर मागच्या वर्षी भिंगरीच्या परीक्षेत तुम्ही गवत का नाही कापलं?"

झालं. पोरांनी तेसुद्धा पाहून ठेवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ! भाऊ एकटेच सतरंजी टाकून मधोमध बसले. लोक कडेनं जाताना त्यांच्याकडे दयेनं बघायचे.

भिंगरी तेव्हा दुसऱ्या वर्षाला. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते, तेव्हा तिनं ताट बाजूला सारून सांगून टाकलं. "बाबा, मी चालते. पहिल्या पेपरच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, मधोमध. नापासकाकांची मुलगी चालली आणि पास झाली म्हटल्यावर कोण मानेल? निकाल लागला की सगळे येतील."

"अजिबात नाही," भाऊ म्हणाले.

"का? तुम्ही मानता?"

भाऊ भिंतीकडे बघत बसले. मग वहिनी बोलल्या. "मानत नसाल तर हो म्हणा. मानत असाल तर वेडे आहात, म्हणून हो म्हणा."

भाऊ हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि त्या घरात तेवढं पुरतं.

त्यानंतर भिंगरी भिंगरीसारखीच फिरायला लागली. या वसतिगृहातून त्या वसतिगृहात, या वर्गातून त्या वर्गात. मी चालणार आहे, बघायला या, आणि पास झाले तर तुम्हीही यायचं, कबूल? दिवसचे दिवस ती ग्रंथालयाच्या बाहेर पायऱ्यांवर, आत म्हणून नाही. मी एकदा खिडकीतून तिला बोलावलं. "बाई गं, लोकांना समजावून झालं असेल तर आत बसून चार गणितं सोडव. दुसऱ्या वर्षाला सांख्यिकी आहे तुला."

"मावशी, सांख्यिकी मला येते."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हणाले. ती हसत पळाली.

पेपरच्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतूनसुद्धा डोकी. भिंगरीनं चपला काढून हातात घेतल्या, बॅग खांद्यावर नीट केली आणि गवतात पाय टाकला. आयुष्यभर शू करून मला जेवढी शांतता मिळाली नाही तेवढी त्या वेळी झाली. ती सावकाश चालत मध्यापर्यंत आली, तिथं थांबून तिनं मुद्दाम दोन्ही पाय आपटले, आणि पलीकडे निघून परीक्षा भवनात गेली. भाऊ नळाशी उभे होते. हातातल्या पाइपचं पाणी त्यांच्याच बुटांवर पडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

मग सुट्टी लागली. भाऊंनी त्या सुट्टीत गवत कापलं नाही. यंत्र बिघडलं होतं, दुसरं काय!

नवं सत्र सुरू झालं. निकाल हल्ली ज्याच्या त्याच्या फोनवर येतो, फलकाभोवती रेटारेटी राहिली नाही. पण त्या दिवशी सगळी पायऱ्यांवरच जमली होती, कारण दुसऱ्याच्या निकालात त्यांना रस होता. मोजणीवाली माणसं आपापली यंत्रं घेऊन कडेला बसली होती. भाऊ पुतळ्याजवळ. भिंगरी आली, घड्याळाच्या टॉवरखाली जाऊन एकटी उभी राहिली आणि फोनमध्ये बघितलं. जरा वेळ तशीच उभी होती. मग ती पायऱ्यांकडे वळली, हात वर केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "पास!"

आधी कोणी हललं नाही. मग त्या चष्मेवाल्या मुलीनं एक पाय गवतावर ठेवला, आगीवर ठेवावा तसा, आणि काढून घेतला, आणि पुन्हा ठेवला. तिच्यामागून सगळी फौजच उतरली. संध्याकाळपर्यंत हिरवळीवर तीळ ठेवायला जागा नव्हती. लोळत होती, डबे खात होती, एकमेकांना ओढत होती. मोजणीवाल्यांचे अंगठे दुखायला लागले. साहेब स्वतः येऊन बघून गेले, आणि जाताना वळसा न घालता मधून गेले, पँट जरा वर धरून. गाड्यांची जागा तरणतलावाच्या मागे सरकली.

वहिनींनी वसाहतीत घरोघरी गोड वाटलं. हिरवळ वाचली म्हणून आणि मुलगी पास झाली म्हणून, दोन्हीचं एकदमच.

भाऊंना मात्र धड हसताही येईना. पंधरवड्यात पट्टे गेले, कडा ढासळल्या, वसतिगृहाकडून मातीची वाट पडली. भाऊ टोपली घेऊन कागद आणि बाटल्या वेचत फिरायचे आणि एखाद्याला हळूच म्हणायचे, "जरा सरकून बस रे, तिथलं दमलंय." माझ्या खिडकीशी येऊन एकदा म्हणाले, "वाचली का मेली, तेच कळेना ताई." मला वाईट वाटलं. गवताचं नाही, त्यांचं.

एका दुपारी भिंगरी काउंटरवर आली. वर दोन कादंबऱ्या आणि खाली एक जाडजूड पुस्तक. मी शिक्का मारायला पुस्तक उलटं केलं. सांख्यिकी, दुसरं वर्ष.

"अगं, तू तिसऱ्याला गेलीस ना?"

"मैत्रिणीसाठी हवंय."

"कुठली मैत्रीण?"

तिनं मागे वळून खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर ती सगळी गर्दी, ऊन, गवत. मग तिचे डोळे भरले, आणि ओठांवर बोट ठेवून ती मला म्हणाली, "मावशी, शू."

मला कोणी शू केलेलं ते पहिलंच. मी शिक्का मारला आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

एकट्या भिंगरीच्या पास-नापास होण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे ज्या विषयात शिकवतात त्याच विषयात ती नापास झाली होती. आणि हिरवळीवरून चालली म्हणून नाही झाली. हिरवळीसाठी दारोदार हिंडली, अभ्यास राहिला, म्हणून झाली. बापानं नापासाची थाप मारली होती, पोरीनं पासाची मारली. रक्ताचं नातं म्हणतात ते हे. मी कोणाला सांगितलं नाही. वहिनींचं गोड मी खाल्लं होतं, आता काय तोंडानं सांगणार?

फेरपरीक्षा सत्राच्या मध्यावर असते. राहिलेले तेवढेच बसतात, गाजावाजा नसतो. त्या सकाळी मी कामावर आले तर हिरवळीभोवती दोरी. जुनी पाटी पुन्हा उगवलेली, तिच्यावर खडूनं, 'औषध मारले आहे. पाय ठेवू नये.' पोरं कॉफीचे कप घेऊन कडेला कुरकुरत उभी. एक मुलगा दोरीखालून वाकून शिरायला गेला तर भाऊ असे गरजले की त्याच्या हातातला कप सांडला. स्वतः भाऊ दोरीच्या बाहेर गुडघ्याखाली पोतं घेऊन बसले होते आणि हात लांब करून कड कातरत होते. आत बोटभरही सरकत नव्हते.

मी येताना त्यांच्या शेडवरूनच आले होते. फवारणीचा पंप खुंटीला टांगलेला होता, खडखडीत कोरडा.

"भाऊ, कसलं औषध?"

"तणाचं."

"वास नाही आला."

"बिनवासाचं असतं हल्ली." मग कात्री थांबवून हळूच म्हणाले, "दुपारपर्यंतच हो ताई. पेपर सुटला की सोडतो दोरी."

मी त्यांच्याजवळ खाली वाकले. "तिनं सांगितलं तुम्हाला?"

"नाही. मीही विचारलं नाही." भाऊ गवताकडेच बघत होते. "ताई, पास झाली असती तर ओरडत माझ्याकडे आली असती ना? लहानपणापासून तशीच येते. त्या दिवशी लोकांकडे बघून ओरडली. माझ्याकडे बघितलंच नाही."

एवढ्यात वसाहतीच्या बाजूनं भिंगरी आली. खांद्याला बॅग, हातात ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. तिनं दोरी पाहिली, पाटी वाचली, आणि पोत्यावर बसलेल्या बापाकडे पाहिलं. परीक्षा भवन हिरवळीच्या पलीकडे. सरळ रेघ मधून जाते, आणि या हिरवळीला न भिणारी पहिली पोरगी तीच. मला वाटलं, आता ही दोरी ओलांडणार.

ती बापाजवळ येऊन थांबली. "बाबा, औषध कधीपर्यंत आहे?"

"पेपर सुटेपर्यंत," भाऊ म्हणाले, आणि काय बोलून गेलो ते कळून त्यांनी मान खाली घातली.

भिंगरीनं नाक ओढलं, बॅग सारखी केली. "मग आज कडेनं जाते," ती म्हणाली.

"जा. अजून वेळ आहे, सावकाश जा."

आणि ती गेली कडेकडेनं, सगळा वळसा घालून, एकदाही पाय आत न टाकता. भाऊ ती परीक्षा भवनाच्या दारात दिसेनाशी होईपर्यंत कात्री हातात धरून बसले होते. कातरत काही नव्हते.

दुपारी दोरी सुटली आणि पोरं पुन्हा पसरली. भाऊ म्हणाले, अर्ध्या दिवसात गवतानं जरा मान वर केली. असेल. मला गवतातलं कळत नाही.

फेरपरीक्षेचा निकाल लागायला वेळ लागतो. एक दिवस भिंगरी धापा टाकत आत आली आणि ते सांख्यिकीचं पुस्तक माझ्यासमोर आपटलं. एरवी पुस्तक आपटलेलं मी खपवून घेत नाही.

"मैत्रिणीचं काम झालं का?" मी विचारलं.

"झालं, मावशी," ती म्हणाली. या वेळी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

बॅग काउंटरवरच टाकून ती बाहेर पळाली. भाऊ हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला टोपली घेऊन कागद वेचत होते. बसलेल्या पोरांच्या अंगावरून, डब्यांवरून उड्या मारत ती सरळ रेघेत त्यांच्याकडे धावत सुटली, ओरडत, अख्ख्या विद्यापीठाला ऐकू जाईल अशी. इकडे वाचनकक्षातली डोकी वर झाली आणि माझ्याकडे बघायला लागली, की शूबाई आता काय करते.

मी काही केलं नाही. खिडकी जरा आणखी उघडली.